क्रोमोली घेतली की गाडी हलकी होते का? (पोलादाचे प्रकार, ताकद आणि वजन)

मडगार्ड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही काही विद्यार्थी मिळून बाहा एसएई स्पर्धेसाठी एकआसनी ऑफरोड गाडी बनवतोय. वजन कमी करायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण कसं, यावर टीममध्ये तीन तट पडलेत.

पहिला तट म्हणतो, रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) १०१८ च्या, म्हणजे साध्या कमी कार्बनच्या पोलादाच्या, नळीचाच करा, स्वस्त आणि वेल्डिंगला सोपा. दुसरा म्हणतो, ४१३० म्हणजे क्रोमोली घ्या, हलकी असते. तिसरा म्हणतो, स्टब अॅक्सल (ज्यावर चाक फिरतं तो आखूड दांडा), शाफ्ट, जिथे जमेल तिथे ईएन २४ (म्हणजे ४३४० च्या जातीचं पोलाद) लावा, म्हणजे प्रश्नच मिटला. एका मित्राने यील्ड स्ट्रेंग्थचा तक्ता केलाय: १०१८ ला ३६५ मेगापास्कल, ४१३० नॉर्मलाइज्डला (तापवून हवेत थंड केलेल्याला) ४३५, आणि ४३४० ला हीट ट्रीटमेंटनुसार १३०० च्याही वर. त्याच्या मते तक्त्यात जे सर्वांत वर ते सर्वांत चांगलं.

माझा प्रश्न सरळ आहे. वजन कमी आणि ताकद जास्त असं पोलाद कोणतं?

ऐरण

मडगार्ड, प्रश्न सरळ आहे पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. आधी ती सोडवू.

पहिली गोष्ट: हलकं पोलाद असं काही नसतं. १०१८ असो, ४१३० असो की ४३४०, घनता सगळ्यांची घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅमच्या आसपास. ४१३० मध्ये ९७ टक्क्यांहून जास्त लोखंडच आहे. क्रोमियम जेमतेम एक टक्का, मॉलिब्डेनम त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. एवढ्याशा मसाल्याने घनता हलत नाही. त्याच मापाची नळी क्रोमोलीत घेतली तर वजनकाटा तोच आकडा दाखवणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तुमच्या मित्राच्या तक्त्यात तिचा रकानाच नाही. ती म्हणजे ताठपणा, ज्याला आपण स्टिफनेस म्हणतो. यील्ड सांगतं की भाग कायमचा वाकडा कधी होईल. ताठपणा सांगतो की त्या आधी, दिलेल्या भाराखाली तो किती लवेल. ताठपणा ठरवणारा यंग्ज मॉड्युलस सगळ्या पोलादांचा साधारण २०० ते २१० गिगापास्कल. मऊ पोलाद घ्या किंवा पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) काचेसारखं कठीण केलेलं घ्या, हा आकडा तोच राहतो. हीट ट्रीटमेंटने बदलत नाही, मिश्रधातूच्या किमतीने तर नाहीच नाही.

म्हणून "कोणतं पोलाद?" च्या आधी प्रत्येक भागाला विचारायचं: तुझी अडचण नेमकी काय आहे? तू जास्त लवतोस, कायमचा वाकतोस, हजारो हिसक्यांनंतर तुला तडा जातो, की धडकेची ऊर्जा तुला गिळायची आहे? पहिल्या प्रकारात महाग पोलाद काहीच देत नाही. बाकीच्यांत कमीजास्त देतं.

कुतूहल

मी या क्षेत्रातली नाही, पण वाचतेय. पाणी दिलेलं पोलाद साध्या पोलादाइतकंच लवतं, हे पटायला कठीण जातंय. मग स्प्रिंगचं पोलाद "स्प्रिंगी" कशामुळे?

ऐरण

चांगला प्रश्न. एकाच लांबी-रुंदी-जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक मऊ पोलादाची आणि एक स्प्रिंग पोलादाची. दोन्ही एका टोकाला पकडून दुसऱ्या टोकाला सारखंच हलकं वजन लावा. दोन्ही सारख्याच खाली जातील. वजन वाढवत न्या. एका क्षणी मऊ पट्टी वाकडीच राहील, स्प्रिंगची पट्टी अजून कितीतरी खाली जाऊन वजन काढताच परत सरळ होईल. म्हणजे स्प्रिंगचं पोलाद जास्त लवचिक नाही, त्याची परत येण्याची हद्द लांब आहे. तेवढाच फरक.

टॉर्करेंच

तत्त्व म्हणून ठीक आहे, पण रेसिंगवाले काय वेडे आहेत का? जगभर चांगल्या केज क्रोमोलीच्याच असतात. १९२०-३० च्या दशकांपासून वेल्ड केलेल्या विमानांच्या सांगाड्यांत हीच नळी वापरली गेलीय. काहीतरी असल्याशिवाय?

रेघोट्या

वाद घालण्याऐवजी आकडे मांडते. बाहाच्या नियमात मूळ नळी २५.४ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी, किमान ०.१८ टक्के कार्बन अशी आहे. दुसरी नळी वापरायची तर तिचा वाकण्यातला ताठपणा आणि वाकण्यातली ताकद, दोन्ही मूळ १०१८ च्या नळीपेक्षा कमी चालत नाहीत. जाडी १.५७ मिमीच्या खाली जाता येत नाही. (चालू वर्षाचं नियमपुस्तक स्वतः तपासा, माझ्या भरवशावर नळी कापू नका.)

मूळ नळीचा ताठपणा १०० आणि ताकद १०० धरली तर:

मूळ, २५.४ × ३.०, १०१८: वजन मीटरला १.६६ किलो. ताठपणा १००, ताकद १००.

२५.४ × १.६५, ४१३०: ०.९७ किलो. ताठपणा ६५, ताकद ७७. दोन्हीत नापास.

३१.७५ × १.६५, साधी १०१८: १.२२ किलो. ताठपणा १३१, ताकद १०५. पास!

३१.७५ × १.६५, ४१३०: तेच १.२२ किलो, तोच ताठपणा १३१, ताकद १२५.

२९.२ × १.६५, ४१३०: १.१२ किलो. ताठपणा १०१, ताकद १०५. काठावर पास.

आता दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. व्यास तोच ठेवून क्रोमोली पातळ केली तर गाडी हलकी झाली पण नळी नापास. साधंच पोलाद ठेवून व्यास सव्वा इंच केला तर एक चतुर्थांशाहून जास्त वजन गेलं आणि दोन्ही कसोट्या पार. दुसऱ्या ओळीतली नळी पाणी देऊन ७०० मेगापास्कलवर नेली तरी ताकद १२४ होईल, ताठपणा ६५ तो ६५ च.

१०१८ ला याच जाडीत दोन्ही कसोट्या पार करायला साधारण ३१ मिमी व्यास लागतो, म्हणजे मीटरला १.१९ किलो. ४१३० ला २९.२ मिमी पुरतो, म्हणजे १.१२. आकार बदलून २८ टक्के वाचले, त्यावर मिश्रधातूने आणखी ६ टक्के वाचवले. क्रोमोलीचं खरं श्रेय एवढं. आणि ३१ किंवा २९.२ ही मापं तयार मिळतीलच असं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पुष्कळदा तेवढंही पदरात पडत नाही.

कुतूहल

व्यास वाढवल्याने एवढा फरक का पडतो, ते एका वाक्यात कळेल का?

रेघोट्या

पातळ नळीत वजन व्यासाच्या प्रमाणात वाढतं, ताकद व्यासाच्या वर्गाच्या आणि ताठपणा व्यासाच्या घनाच्या. म्हणून धातू मध्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्यायचा.

याला मर्यादा आहेच. व्यास वाढवत आणि जाडी कमी करत गेलं की एका टप्प्यावर नळी वाकण्याआधी चेपते, दगड लागला तरी पोचा पडतो, आणि वेल्ड करताना भोक पडतं. ३१.७५ ला १.६५ म्हणजे व्यास जाडीच्या १९ पट, तिथे काळजी नाही. पण ५० मिमीची नळी ०.९ जाडीत घेऊन कोणी केज करू नये.

टॉर्करेंच

ठीक. पण केज ही नुसती ताठपणाची गोष्ट नाही ना? गाडी उलटली की ती वाकणारच, तेव्हा ताकद हवी.

रेघोट्या

बरोबर, आणि म्हणूनच नियमात दोन्ही कसोट्या आहेत. चौथ्या ओळीतली नळी उलटल्यावर तिसऱ्या ओळीतलीपेक्षा चांगलीच वागेल, त्याच वजनात. ते नाकारत नाही. माझा आक्षेप "हलकी" या दाव्याला आहे.

अवांतर: फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्याच रेसिंग-गाडी स्पर्धेच्या नियमांनी यावर वेगळाच उपाय काढलाय. तिथे सांगाड्याच्या हिशेबात कोणतंही पोलाद असो, यील्ड ३०५ मेगापास्कलच धरायचं, आणि वेल्डजवळ तर १८०. महाग नळी आणली म्हणून कागदावर एक गुणही जास्त नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अन्यायकारक वाटलं होतं. वेल्डिंगचा विचार केल्यावर पटलं.

ठिणगी

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर मी बोलते, रोजचं काम आहे.

१०१८ ला कसंही वेल्ड करा, ती माफ करते. ४१३० माफ करत नाही. कार्बन इक्विव्हॅलंटचं नेहमीचं सूत्र लावलंत तर १०१८ चा आकडा ०.३ च्या आसपास येतो, ४१३० चा ०.६ आणि ४३४० चा ०.८५ च्या घरात. हा आकडा जितका मोठा तितका वेल्डलगतचा पट्टा भराभर थंड झाल्यावर कठीण आणि ठिसूळ होतो. तडा वेल्डमध्ये क्वचित जातो, त्याच्या शेजारी जातो.

म्हणून क्रोमोली घ्यायचीच असेल तर एवढं सांभाळा. नळ्यांची तोंडं नीट घासून बसवा, फट भरायला टिग (बारीक आर्कने करायचं वेल्डिंग) नसतो. आतबाहेर तेल आणि गंज नको. ३ मिमीपर्यंतच्या नॉर्मलाइज्ड नळीला एरवी प्रीहीट लागत नाही, पण थंडगार नळीवर आर्क लावू नका, आणि जाड टॅब (जोडपट्टी) पातळ नळीला जोडताना मात्र थोडी ऊब द्याच. वेल्ड झाल्यावर वारा नको, पाणी तर अजिबात नको, आपोआप थंड होऊ द्या. फिलर, म्हणजे सांध्यात वितळवायची तार, म्हणून ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२. मला पहिला आवडतो. त्याची ताकद कमी आहे पण चिवट आहे, आणि सांध्यात चिवटपणाच कामाला येतो. ४१३० चाच फिलर वापरून वर हीट ट्रीटमेंट न करणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

आणि ४३४० किंवा ईएन २४ च्या भागाला "जरा एक टॅब टाकून दे" म्हणत कोणी आलं की मी हात जोडते.

ऐरण

ठिणगीताईंच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट. सस्पेन्शन आर्मसारख्या भागात जोराचा एक दणका नसतो, छोटे छोटे लाखो दणके असतात. अशा वेळी वेल्ड केलेल्या सांध्याचं फटीग आयुष्य मूळ पोलादाच्या ताकदीवर जवळजवळ अवलंबूनच नसतं. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींमध्ये ९६० मेगापास्कल यील्डपर्यंतच्या पोलादांना सांध्याच्या आकारानुसार वर्ग दिलेत, पोलादाच्या प्रतीनुसार नाही. कारण वेल्डच्या कडेला बारीक खाचा जन्मजात असतात आणि तडा तिथून थेट वाढायला लागतो. वाढत्या तड्याला पोलाद भारी आहे की साधं, याने फारसा फरक पडत नाही.

तेव्हा आर्म क्रोमोलीचा केला आणि त्या भरवशावर भिंत पातळ केली, तर ताण वाढला, आयुष्य घटलं. आधी वेल्ड कमी ताणाच्या जागी हलवा, ताणल्या जाणाऱ्या बाजूवर आडवा वेल्ड टाळा, कडा घासून सलग करा. मग पोलादाची चर्चा.

पॅडल

सायकलवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १८९७ मध्ये रेनॉल्ड्सने बटेड नळीचं पेटंट घेतलं. टोकांना जिथे सांधा येतो तिथे भिंत जाड, मधे पातळ, बाहेरचा व्यास सलग. प्रसिद्ध ५३१ नळी १९३५ ची, मँगनीज-मॉलिब्डेनमची. लोकांच्या लक्षात नाव राहिलं मिश्रधातूचं. वजन वाचवण्यात मात्र त्या पातळ मधल्या भागाचा वाटा मोठा होता. अर्थात भिंत तेवढी पातळ करायला ताकदवान पोलाद लागतंच, तेव्हा दोघं एकमेकांच्या आधाराने उभे आहेत.

मडगार्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. केजचा निर्णय झाला: ३१.७५ × १.६५, आणि ४१३० की १०१८ हे आमचा वेल्डर कशात पक्का आहे त्यावर. (तो १०१८ मध्ये पक्का आहे.)

आता स्टब अॅक्सल आणि शाफ्टचं सांगा. तिथे वेल्ड नाही. ईएन ८, ईएन १९, ईएन २४ यांत निवड कशी करायची?

भट्टीवाला

इथे माझी पाळी.

क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम घातल्याने पोलाद "जास्त कठीण" होतं असा समज आहे. पाणी दिल्यावर पोलाद किती कठीण होऊ शकतं हे मुख्यतः कार्बन ठरवतो. ०.४ टक्के कार्बनचं साधं ईएन ८ आणि ०.४ टक्क्यांचं ईएन २४, दोघांचा पृष्ठभाग पाण्यातून काढल्यावर जवळपास सारखाच कठीण होईल. फरक पडतो खोलीत. साधं कार्बन पोलाद कठीण व्हायला अतिशय वेगाने थंड व्हावं लागतं, आणि जाड भागाच्या गाभ्यात तेवढा वेग मिळतच नाही. मिश्रधातू ही घाई कमी करतात. त्यामुळे ईएन २४ तेलात सावकाश थंड केलं तरी जाड शाफ्टच्या मध्यापर्यंत कठीण होतं, आणि तेल पाण्याइतकं निर्दय नसल्याने भाग वाकडा होणं, तडकणं कमी.

आता तुमच्या शाफ्टचा व्यास किती? २५ मिमी? मग ईएन १९ म्हणजे ४१४० च्या जातीचं पोलाद गाभ्यापर्यंत व्यवस्थित पोचतं. १०० मिमीचा शाफ्ट असता तर ईएन २४ चा हट्ट मी समजू शकलो असतो.

दुसरं, नुसतं "ईएन २४" लिहून ड्रॉइंग पाठवू नका. ईएन २४टी म्हणजे ८५० ते १००० मेगापास्कल ताणसामर्थ्य. डब्ल्यू म्हणजे १०७५ ते १२२५. झेड म्हणजे १५५० आणि वर. पोलाद एक, स्वभाव वेगवेगळे. आणि अॅनील करून मऊ अवस्थेत आलेला बार तसाच मशीन करून गाडीत बसवलात तर पैसे ईएन २४ चे मोजलेत आणि ताकद त्याच्या जवळपासही नाही. हे मी वारंवार पाहतो.

तिसरं, टेंपरिंग, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताचं तापवणं. कठीण ठेवायचं म्हणून साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात टेंपर करू नका, तिथे ४३४० चा चिवटपणा घसरतो. या पट्ट्याच्या खाली राहा किंवा वर जा. विमानांच्या लँडिंग गिअरसाठीचं ३००एम हे मुळात ४३४० च, त्यात सिलिकॉन दीड टक्क्याच्या वर नेलंय, ज्याने हा ठिसूळ पट्टा वर सरकतो. म्हणून ते ३०० अंशांच्या आसपास टेंपर करून १९०० मेगापास्कलच्या वर वापरता येतं.

रेघोट्या

आकडेमोडीची खोड आहे म्हणून. समजा यील्ड दीडपट असलेलं पोलाद घेतलं आणि भरीव शाफ्टचा व्यास तेवढ्या हिशेबात कमी केला. व्यास १३ टक्क्यांनी घटतो, वजन २४ टक्क्यांनी. छान. पण ताठपणा निम्म्याच्या थोडा वर, ५८ टक्के राहतो. स्टब अॅक्सल लवला की चाक कलणार, बेअरिंगवर तिरपा भार येणार. हे चालेल का ते आधी बघा.

याउलट पोलाद तेच ठेवून शाफ्टला आरपार भोक पाडलं, भोकाचा व्यास बाहेरच्याच्या निम्मा. वजन २५ टक्के कमी. ताकद आणि ताठपणा दोन्हींत घट फक्त सव्वासहा टक्के. जवळजवळ तेवढीच बचत आणि ताठपणा शाबूत.

मडगार्ड

हे फुकटच आहे की!

भट्टीवाला

भोक आतून गुळगुळीत आणि मध्यावर हवं, नाहीतर फुकट महागात पडेल. आणि भोक पाडून मग हीट ट्रीटमेंट, उलट नको.

ऐरण

शाफ्टबद्दल फटीगचंही सांगतो. गुळगुळीत पॉलिश केलेल्या पोलादाची फटीग मर्यादा ताणसामर्थ्याच्या साधारण निम्मी असते, पण हे १४०० मेगापास्कलपर्यंतच. त्यापुढे ताकद वाढवली तरी मर्यादा ७०० च्या आसपास रेंगाळते. शिवाय जितकं ताकदवान पोलाद तितकं ते खाचांना हळवं. तुमच्या स्टब अॅक्सलवर खांद्याची त्रिज्या अर्धा मिमी असेल तर ईएन ८ ते ईएन २४ या उडीपेक्षा ती त्रिज्या ३ मिमी करणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. मोठ्या कंपन्या क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यांना रोलिंग करतात (रुळाने दाबतात) किंवा नायट्राइड करतात (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात) ते याचसाठी. पृष्ठभागात दाबाचा ताण कोंडला की तडा उघडायला धजत नाही.

कित्येक क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड आता क्वेंच-टेंपर (पाणी देऊन मग टेंपर) केलेल्या क्रोम-मॉलीचे नसतातच. ३८एमएनव्हीएस६ सारखं व्हॅनेडियमचं चिमूटभर मिश्रण असलेलं पोलाद फोर्ज करून नुसतं हवेत थंड करतात, भट्टीची एक फेरी वाचते. सी७०एस६ चे कनेक्टिंग रॉड तर मोठ्या टोकाला मुद्दाम तोडतात, आणि त्या तुटलेल्या खडबडीत कडाच एकमेकींत चपखल बसवून बोल्ट लावतात. तिथे सहज तुटणं हाच गुण.

कुतूहल

म्हणजे महाग पोलाद कुठेच उपयोगाचं नाही, असं झालं की हे!

ऐरण

नाही नाही. स्प्रिंग बघा. स्प्रिंगमध्ये लवणं हेच काम, ताठपणाची तक्रार नाही. एका किलोत किती ऊर्जा साठेल हे पोलाद सोसू शकेल त्या ताणाच्या वर्गावर ठरतं. सोसता येणारा ताण २० टक्क्यांनी वाढला तर त्याच कामाची स्प्रिंग ३० टक्के हलकी होते, ताण दुप्पट झाला तर वजन चौथाई. पोलादाच्या प्रतीला एवढी किंमत गाडीत दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून तर सिलिकॉन-क्रोमियमची ५४एसआयसीआर६ सारखी पोलादं, वर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा), वर चांगलं कोटिंग. कोटिंग उडालं की गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि त्या उंच ताणाखाली कॉइल तिथूनच तुटते. गाडी खाली करायला गॅस कटरने कॉइल कापणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, सोडा.

कॅम्बर

दुसरं उदाहरण बॉडीचं. बी-पिलर, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधला खांब. बाजूने धडक बसली तर तो आत घुसता कामा नये. तिथे २२एमएनबी५ हे बोरॉनचं पोलाद वापरतात. पत्रा ९०० अंशांच्या वर तापवून लालबुंद असतानाच आतून पाणी खेळवलेल्या डायमध्ये दाबतात, डायमध्येच त्याला पाणी दिल्यासारखं होतं. तापवण्याआधी ६०० मेगापास्कलपर्यंत असलेला पत्रा बाहेर येतो तो १५०० चा. हे तंत्र १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये जन्मलं आणि १९८४ मध्ये साब ९००० मध्ये पहिल्यांदा गाडीत आलं.

पण तोच पत्रा पुढच्या क्रॅश बॉक्सला लावत नाहीत. तिथे घडी पडत पडत ऊर्जा गिळायची असते, आणि १५०० चा पत्रा पाच-सहा टक्के ताणला की फाटतो. तिथे डीपी ६०० सारखी ड्युअल फेज पोलादं, मऊ फेराइटमध्ये कठीण मार्टेन्साइटची बेटं, वीस टक्क्यांच्या आसपास ताणली जाणारी. काही गाड्यांत तर एकाच बी-पिलरचा खालचा भाग डाय गरम ठेवून मुद्दाम मऊ सोडतात, म्हणजे घडी पडलीच तर प्रवाशाच्या छातीपासून दूर, खाली पडावी.

बाहेरचे पत्रे वेगळे. पोचा न पडणं यील्ड आणि जाडीचा वर्ग यांच्या गुणाकारावर असतं. यील्ड दुप्पट केलं तर जाडी ३० टक्क्यांनी कमी करता येते, निम्म्याने नाही. बेक हार्डनिंग पत्रा रंगाच्या भट्टीत १७० अंशांना वीसेक मिनिटं तापताना आपोआप ३०-४० मेगापास्कल मिळवतो. प्रेसमध्ये मऊ, गाडीवर कणखर. मला ही युक्ती फार आवडते.

दुरुस्तीवाल्यांसाठी: १५०० चा पिलर तापवून सरळ करायचा नसतो. तापवला की तो साधा पत्रा झाला. कंपनीने ठरवून दिलेल्या जागी कापून बदलायचा.

उडती तबकडी

तुम्ही सगळे पोलादातच अडकलात. टायटेनियम घ्या आणि मोकळे व्हा. नाहीतर अॅल्युमिनियम.

रेघोट्या

घ्या की, हिशेब करून घ्या. ताठपणा भागिले घनता: पोलाद २६, अॅल्युमिनियम २६, टायटेनियम २६. तिघांचं गणित इतकं सारखं निघतं की निसर्गाने थट्टा केली असं वाटावं. नुसत्या ओढीत किंवा दाबात असलेल्या दांड्याला ताठपणासाठी धातू बदलून काहीच मिळत नाही.

पत्र्याच्या वाकण्यात मात्र अॅल्युमिनियम जिंकतं. तेवढाच ताठपणा हवा तर जाडी १.४४ पट करावी लागते आणि तरी वजन निम्मं भरतं. म्हणून बॉनेट अॅल्युमिनियमचं असणं शहाणपणाचं. ६०६१-टी६ ची केज मात्र वेल्ड केली की सांध्याजवळची ताकद निम्म्यावर येते.

यील्ड भागिले घनता बघायची तर टायटेनियमची नेहमीची मिश्रधातू २०० च्या जवळ, ७०७५ अॅल्युमिनियम १८० च्या जवळ, आणि चांगलं पाणी दिलेलं ४३४० १७५ च्या जवळ. ३००एम टायटेनियमच्या बरोबरीला येतं, मॅरेजिंग पोलाद (भरपूर निकेलचं अतिताकदवान पोलाद) २५० ला. पोलाद म्हणजे जड, हा समज इथे टिकत नाही. आणि जागा तंग असेल, म्हणजे व्यास वाढवताच येत नसेल, तर पोलादच. गिअर, बेअरिंग, ड्राइव्हशाफ्टची टोकं, टॉर्शन बार, ही सगळी अशीच ठिकाणं.

उडती तबकडी

मॅरेजिंग! आता त्याचाच धागा काढतो.

ठिणगी

काढा. वेल्डिंगला ते ईएन २४ पेक्षा पुष्कळ बरं आहे, कार्बन जवळजवळ नाहीच त्यात. बिलावर मात्र माझी सही नको.

पतंग

विषय थोडा वेगळा, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. हब आणि ब्रेक डिस्क जोडायला १२.९ या ताकदवर्गाचे अॅलन बोल्ट वापरले. गंजू नयेत म्हणून एका वर्कशॉपमध्ये झिंक प्लेटिंग करून घेतले. बरोबर टॉर्कला आवळले. दुसऱ्या दिवशी एकाचं डोकं खाली पडलेलं. गाडी हललीसुद्धा नव्हती. बोल्ट नकली असतील का?

भट्टीवाला

नकली असतीलही, पण लक्षणं हायड्रोजनची आहेत. प्लेटिंगआधी आम्लात धुताना आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ पोलादाला तो फारसा त्रास देत नाही. ताणसामर्थ्य हजार-बाराशेच्या पुढे गेलं की तोच हायड्रोजन ताण असलेल्या जागी, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात आणि पहिल्या आट्यात, गोळा होतो. मग काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट उभ्या उभ्या तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजून हायड्रोजन काढतात, पण १२.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंग न करणं हेच खरं. झिंक फ्लेकचं लेपन चालतं, त्यात वीज आणि आम्ल नसतं.

त्या खेपेतले उरलेले बोल्टही काढा, न तुटलेले सुद्धा. आता भाजून वाचवायला जाऊ नका, आत तडा सुरू झाला असेल तर भट्टी तो सांधत नाही.

पतंग

उद्याच काढतो. १०.९ चे झिंक फ्लेकवाले लावले तर टॉर्क तोच ठेवू?

भट्टीवाला

नाही. १०.९ चा प्रूफ स्ट्रेस (बोल्ट कायमचा न ताणला जाता सोसतो तो ताण) ८३०, १२.९ चा ९७०. आवळण्याची पकड साधारण १४ टक्के कमी मिळणार. आणि लेपन बदललं की आट्यांतलं घर्षणही बदलतं, म्हणजे जुना टॉर्क दोन्ही बाजूंनी चुकीचा. लेपनवाल्याने दिलेला घर्षणाचा आकडा घेऊन टॉर्क नव्याने काढा. कमी पकडीत डिस्क सरकत नाही ना ते तपासा. सरकत असेल तर एक माप मोठा बोल्ट घ्या, पुन्हा १२.९ कडे जाऊ नका.